नुसती खडाखडी

“कुस्ती करा की रं! नाचताय काय नुसतं!”

रात्री आठ-साडेआठच्या सुमाराला आमच्या घरातनं असा आवाज आला की कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत नव्यानं राहायला आलेल्या माणसाला वाटतं, आत भावाभावांत जुंपली. जुन्या शेजाऱ्यांना ठाऊक आहे. आप्पा मालिका बघायला बसलेत.

आप्पा म्हणजे आमचे वडील. तरुणपणी पैलवान होते. फार मोठे नव्हेत. पेठेच्या तालमीत अंगाला माती लावलेले आणि जत्रेच्या मैदानात रेवड्यांवरच्या, फार तर पाच-दहा रुपयांच्या कुस्त्या केलेले. पण बघणारे म्हणून ते थेट हिंदकेसरी. पैलवान श्रीपती खंचनाळेंच्या काळापासून खासबाग मैदानातली एकही मोठी कुस्ती आपण सोडलेली नाही, असं ते सांगतात. त्यांच्या वयाचे साक्षीदार आता फारसे उरले नाहीत, त्यामुळं ते खरं धरावं लागतं. दोन्ही कान मोडलेले आहेत. त्या कानांना आता कमी ऐकू येतं, म्हणून आमच्या टीव्हीचा आवाज एवढा मोठा असतो की समोरच्या काकू आपल्या टीव्हीवर बातम्या बघतात आणि मालिका आमच्या घरची ऐकतात.

आप्पांच्या हिशेबानं जगात बघण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे कुस्ती. बाकी सगळं तिचीच रूपं. लग्न, निवडणूक, भाऊबंदकीची वाटणी, ऊसदराचं आंदोलन आणि मालिका. त्यामुळं मालिकेची परीक्षाही ते वस्तादाच्या नजरेनं करतात. नायिका दारातनं आत आली की सलामी झाली. सासू समोर उभी राहिली की जोड लागली. मग दोघी एकमेकींकडं बघतात. कॅमेरा हिच्या तोंडावर जातो, तिच्या तोंडावर जातो, परत हिच्या तोंडावर येतो. मागं ढगफुटी झाल्यासारखा आवाज. आप्पा बोटं मोजत असतात. “तीनदा तोंड दाखिवलं. हात लावला का? न्हाई.” तेवढ्यात जाहिराती. आप्पा वळून माझ्याकडं असं बघतात, जणू ही जोड मीच ठरवली होती.

ज्यांनी मैदान बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन पैलवान हौद्यात उतरले की लगेच एकमेकांना उचलून आपटत नाहीत. आधी हात झटकतात, मानेवर थाप देतात, मनगट धरतात, सोडतात. समोरच्याचा जोर किती आणि तोल कुठं, ते अजमावतात. याला म्हणायचं खडाखडी. ती लागतेच, खडाखडी न करता पटात घुसणारा पैलवान मूर्ख. पण ती पाच मिनिटं चालावी. दहा झाली की पब्लिक शिट्ट्या मारतं. त्याच्याही पुढं गेली तर खासबागेतला कोल्हापूरकर काय बोलतो, ते इथं छापता येणार नाही. शाहू महाराजांनी हे मैदान अशा बेतानं बांधून घेतलं की मधे खोल हौदा आणि भोवतीनं चढत गेलेल्या बैठका. कुठंही बसा, पुढच्याचं डोकं आड येत नाही. 1912 साली ते खुलं झालं. तेव्हापासून इथल्या माणसाला एकच सवय लागली आहे: सगळं स्वच्छ दिसलं पाहिजे आणि कुस्ती निकाली झाली पाहिजे. पाठ मातीला लागली, विषय संपला. बरोबरीत सोडवली की वर्गणी परत मागायला निघणारी ही माणसं.

अशा गावाला मालिका दाखवायच्या म्हणजे जोखमीचंच काम.

मालिका आठवड्यातनं एकदा यायच्या तेव्हा हे जमत होतं. दूरदर्शनचे दिवस. नव्वद सालाच्या आसपास ‘हॅलो इन्स्पेक्टर’मध्ये रमेश भाटकर यायचे, नंतर ‘परमवीर’मध्ये कुलदीप पवार. कुलदीप पवार तर आमचे कोल्हापूरचेच. ते पडद्यावर आले की गल्लीतला प्रत्येक जण त्यांचा कुणी ना कुणी लागायचा. कुणाचा वर्गमित्र, कुणाचा मावसभावाचा मित्र, आणि एकजण तर नुसताच “आपला माणूस”. आप्पांना या मालिका मनापासून आवडायच्या, कारण त्यांत गुन्हेगार सापडायचा. “बेड्या घातल्या, पाठ लागली,” म्हणून आप्पा समाधानानं उठायचे आणि गंगावेशीत दूध प्यायला जायचे.

गंगावेशीतला दूधकट्टा बाहेरच्या माणसाला खोटा वाटतो. रात्री रस्त्याकडेला म्हशी उभ्या असतात. गवळी तुमच्यासमोर धार काढतो आणि फेसाळ पेला तसाच हातात देतो. तिथं उभं राहून ओठावर पांढऱ्या मिशा मिरवत चाललेली चर्चा, हा त्या मालिकांचा खरा दुसरा भाग होता. खून कुणी केला असेल, यावर सहा दिवस वाद. पैजा लागायच्या. सातव्या दिवशी निकाल. माझं तर ठाम मत आहे की साप्ताहिक मालिका अर्धा तास टीव्हीवर चालायची आणि उरलेला आठवडा गावात. लेखकाला सुचलं नसेल तेवढं त्या कट्ट्यावर सुचलेलं मी ऐकलं आहे. एकदा एकानं खुनाचा संशय थेट फिर्यादीच्या म्हशीवर घेतला होता. पण तो दुधाच्या उधारीवरनं चिडलेला होता.

आमच्याकडं आठवड्याला हप्ता म्हणतात. कर्ज फेडायचं तोही हप्ता. गुंडाला देतात तोही हप्ताच. आणि तालमीत हप्ता नावाचा एक डावही आहे, ज्यात खालच्या पैलवानाच्या बगलेतनं हात घालून मान अशी दाबतात की त्याला हलता येत नाही. आठवड्याच्या मालिका पहिल्या अर्थानं हप्ता होत्या. पुढं त्या रोजच्या झाल्या आणि हळूहळू बाकीचे तिन्ही अर्थ लागू झाले.

पण त्याआधी ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ सांगितलंच पाहिजे. 2001 साली अल्फा टीव्ही मराठीवर सुरू झाली. दिलीप प्रभावळकरांचे आबा, त्यांचा मुलगा, सून, नातवंडं. आठवड्यातनं एकदा. तिच्यात भांडण नाही, कारस्थान नाही, कुणी कुणाच्या दुधात काही मिसळत नाही. आप्पांच्या नियमानं ती पहिल्या आठवड्यातच बाद व्हायला हवी होती. मी वाट बघत होतो. पण आप्पा गप्प बसून बघायचे, मधनंच हसायचे, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जाहिरातीत उठायचे नाहीत. एकदा विचारलं, “आप्पा, यात कुस्ती कुठंय?” म्हणाले, “ही कुस्ती न्हवं. ह्या जोर-बैठका हाईत. अंगाला चांगल्या असत्यात.” मग थोडा वेळ थांबून, “आबाचं बरं हाय. सून ऐकून घेती.” आतनं माझ्या बायकोनं कुकरचं झाकण जरा जोरात लावलं.

त्याच साली ई टीव्ही मराठीवर ‘चार दिवस सासूचे’ सुरू झाली. रोज. आमच्या आईची ही मालिका. रोहिणी हट्टंगडी आईच्या इतक्या आवडत्या की त्या रडल्या की आई रडायची, आणि त्या हसल्या तरी “बिचारी, वरनं हसती” म्हणून आई रडायचीच. नावावरनं आप्पांना वाटलं, चार दिवसांचं काम आहे. सासूचे चार झाले की सुनेचे चार, आठवड्याभरात निकाल. मालिका 2013 साली संपली. तीन हजारांवर भाग झाले. सुरू झाली तेव्हा आमचा मुलगा बालवाडीत डबा घेऊन जायचा. संपली तेव्हा त्याला मिसरूड फुटलं होतं आणि तो डबा नको म्हणत होता. सगळ्या बाजूंनी विचार करून आप्पा एवढंच म्हणाले, “चार दिवस म्हटली हुती बाई.”

रोजच्या मालिकेचा माझा आक्षेप लांबीबद्दल नाही. ऊस लावल्यावर वर्ष-दीड वर्ष थांबायची आम्हाला सवय आहे. आक्षेप असा की ती बोलायला फुरसत ठेवत नाही. रात्री बघितलेल्या भागाबद्दल सकाळी कट्ट्यावर मत तयार करावं, तर संध्याकाळी दुसरा भाग हजर. मत पिकतच नाही. कैऱ्या उतरवून लगेच बाजारात नेल्यासारखं होतं.

‘होणार सून मी ह्या घरची’ 2013 च्या जुलैत आली तेव्हा मात्र कट्टा परत जागा झाला. त्याला कारण नायिका जान्हवीचं गरोदरपण. जान्हवीला दिवस गेले, आणि मग खरोखरच दिवस गेले. महिने गेले. डोहाळे, स्मृतिभ्रंश, गैरसमज, रुसवे, सासवांची रांग, पण बाळ काही येईना. उभ्या महाराष्ट्रानं त्यावर विनोद केले. आमच्या गवळ्यानं विनोद केला नाही, हिशेब केला. म्हणाला, “म्हशीला दहा महिने आणि वर थोडं दिवस लागत्यात. माझी ही म्हस हिच्याबरुबर गाभण ऱ्हायली. व्याली, रेडकू वैरण खाया लागलं. ही बाई अजून आंबट खातीया.” त्यानंतर कित्येक दिवस कट्ट्यावर त्या म्हशीला जान्हवीच म्हणत होते. 2016 च्या जानेवारीत मालिका संपली, बाळ झालं. गवळ्यानं त्या रात्री गिऱ्हाइकांना पेल्यामागं थोडं दूध जास्त घातलं. आता मालिका संपल्याचा आनंद की बाळ झाल्याचा, ते त्यानं सांगितलं नाही.

आणि मग 3 ऑक्टोबर 2016. संध्याकाळी साडेसात. ‘तुझ्यात जीव रंगला’.

नायक कोल्हापूरचा, वर पैलवान, वर शेतकरी. गावात सगळ्यांना वाटलं, अखेर आपल्याला कुणीतरी विचारलं. पहिल्या भागाला आमच्या घरी पंधरा माणसं होती. आत्ती, म्हणजे आप्पांची बहीण, इचलकरंजीहून खास आली होती. राणादा पडद्यावर आला, हार्दिक जोशी, चांगला उंचापुरा गडी. बायकांनी श्वास रोखला. आम्ही सगळे आप्पांकडं बघायला लागलो. आप्पा पुढं सरकून चष्म्यातनं निरखत होते. दंड बघितले, मान बघितली, छाती बघितली. शेवटी पाठीमागं टेकले.

“गडी चांगलाय. पर कान मोडल्यालं न्हाईत.”

झालं. आप्पांच्या लेखी राणादा पैलवान ठरला नाही तो नाहीच. पुढं चार वर्षं त्यानं किती जणांना आस्मान दाखवलं, तरी आप्पांचं म्हणणं एकच: कान बघा.

आता भाषेचं बोलू, कारण तिथं मी स्वतः दुखावलेला आहे. राणादाचं “चालतंय की” गाजलं. आम्हाला आनंदच झाला. शब्द आमचेच आहेत. पण त्यानंतर प्रत्येक मालिकेतला कोल्हापूरकर प्रत्येक वाक्याला ‘की’ लावायला लागला. येतोय की, जातोय की, मेलोय की. मुंबईत बसलेल्या लेखकाला कुणीतरी सांगितलं असावं की साध्या मराठीवर वरनं ‘की’ टाकली की कोल्हापुरी तयार होते, जशी मिसळीवर तर्री. तसं नसतंय भावा. कोल्हापुरी बोलीतली खरी खूण त्यांच्या ध्यानातच आलेली नाही. आमच्या बायका ‘मी आले, मी गेले’ म्हणत नाहीत. ‘मी आलो, मी जेवलो, मी बाजारात जाऊन येतो’ असं म्हणतात. माझी बायको म्हणते, भाची म्हणते, शिकून कॉलेजात शिकवायला लागलेली पुतणी घरी आली की म्हणते. मालिकेतली कोल्हापूरची मुलगी मात्र दारातनं “आई, मी आले गं” अशी हाक मारत येते आणि आमच्या घरात आत्ती विचारते, “ही पुण्यासनं आली काय?”

बरं, एखाद्या मालिकेनं धाडस करून नायिकेच्या तोंडी ‘मी आलो’ घातलंच, तर बाकीचा महाराष्ट्र म्हणणार, बघा, लेखकाला लिंगाची अक्कल नाही. तेव्हा त्यांचीही अडचण मी समजू शकतो. समजून घेतो, माफ करत नाही.

आणखी एक. या मालिकांतले कोल्हापूरकर कायम फेट्यात असतात आणि कायम तांबडा-पांढरा ओरपत असतात. माझ्या लग्नात माझ्या डोक्यावर फेटा होता, त्यानंतर मुलाच्या लग्नात असेल. बुधवारी आणि रविवारी रस्सा होतो, बाकी पाच दिवस आम्हीही बाकीच्या जगासारखी दोडक्याची भाजी खातो. पण टीव्हीवरच्या कोल्हापुरात दोडका उगवत नाही.

‘तुझ्यात जीव रंगला’चं चित्रीकरण वसगडे गावात व्हायचं, कोल्हापूरपासनं जवळच. राणादाच्या घराचा, गायकवाडांचा वाडा म्हणून जो दाखवायचे, तो बघायला लांबलांबनं माणसं यायला लागली. लोक जोतिबा करायचे, अंबाबाई करायचे, पन्हाळा करायचे आणि जाताजाता वसगडे. आत्तीनं हट्ट धरला म्हणून आम्हीही एका रविवारी गेलो. त्या दिवशी चित्रीकरण नव्हतं. वाड्यासमोर ही गर्दी. बाहेरनं आलेल्या बायका दाराच्या चौकटीला हात लावून फोटो काढत होत्या. आत्तीला वाड्यात रस नव्हता. तिला ती खोली बघायची होती जिथं मालिकेतल्या वहिनीसाहेब उभ्या राहून कारस्थान करतात. तिनं एका गावकऱ्याला सरळ विचारलं, “वैनीसाब कुठं असत्या?” तो बिचारा रोज शंभर लोकांना हेच सांगत असणार. म्हणाला, “मावशी, त्या मुंबईला गेल्यात. कारस्थान सोमवारी हाय.” आप्पा एवढा वेळ पारावर एका म्हाताऱ्याशी उसाच्या उताऱ्यावर बोलत बसले होते. परतीच्या वाटेवर म्हणाले, “बघण्यासारखं गाव हाय. ऊस चांगलाय.”

वहिनींवरनं आठवलं. आमच्या भागातल्या दोन गाजलेल्या मालिका घ्या. ‘तुझ्यात जीव रंगला’मध्ये खलनायिका कोण? नंदिता वहिनी. पुढं 2020 साली ‘सुख म्हणजे नक्की काय असतं’ आली, शिर्के-पाटलांचं कोल्हापूरचं घर. तिथं खलनायिका कोण? शालिनी वहिनी. यावरनं मुंबईच्या लोकांचा समज दिसतो की कोल्हापूरच्या माणसाला जगात भीती एकाच नात्याची. समज चुकीचा आहे, असं मी छातीठोकपणे लिहिणार होतो. पण हे वाचून माझी बायको, जी माझ्या दोन धाकट्या भावांची वैनी आहे, म्हणाली, “ऱ्हाऊ दे, त्यांचं बरोबर हाय.” धाकटे दोघं समोरच बसले होते. दोघांनीही मान हलवली नाही, आणि त्यातच काय ते आलं.

राणादाची मालिका पहिल्या शंभरेक भागांपर्यंत फर्स्ट क्लास होती, हे माझं मत मी कुणापुढंही मांडीन. बायकांपुढं लाजणारा धिप्पाड गडी आणि त्याला शिकवायला निघालेली पाठकबाई. अक्षया देवधरनं ती बाई अशी केली होती की आमच्या गल्लीतल्या तीन मुलींनी डी.एड.ची चौकशी केली. दोघांचं लग्न होईपर्यंत गंमत होती. लग्न झाल्यावर मालिकांचं जे होतं, आणि संसारांचंही, तेच तिचं झालं. पुढं तर राणादा गेला म्हणून रडारड झाली, आणि काही दिवसांनी हुबेहूब तसाच दिसणारा राजा राजगोंडा नावाचा गडी उगवला. आप्पांनी त्या दिवशी रिमोट खाली ठेवला. “चीत झाल्याला पैलवान दुसऱ्या नावानं आखाड्यात आला तर आमी हलगी बंद करतो,” म्हणाले. नंतर ‘सुख म्हणजे’मध्ये तर नायक-नायिकेचा पुनर्जन्मच झाला. आप्पा काही बोलले नाहीत. एवढंच विचारलं, “शालिनीबी परत जलमली का तीच हाय?” तीच आहे म्हटल्यावर खूश झाले. “मग ती खरी पैलवान. बाकीचं दोनदा आलं, ही एका लंगोटावर टिकली.”

‘तुझ्यात जीव रंगला’ 2021 च्या जानेवारीत संपली. पुढच्याच वर्षी, डिसेंबरात, हार्दिक जोशी आणि अक्षया देवधर यांनी खरंखुरं लग्न केलं, तेव्हा कोल्हापूरनं घरचं कार्य असल्यासारखा आनंद केला. फक्त एक सल राहिला. लग्न झालं पुण्यात. आता सांगा, प्रभात फिल्म कंपनी 1929 साली निघाली कोल्हापुरात आणि 1933 साली गेली कुठं? पुण्याला. आम्ही माणसं घडवायची, जोड्या जमवायच्या, आणि अक्षता पुण्यात पडायच्या. बाबूराव पेंटरांनी 1917 साली महाराष्ट्र फिल्म कंपनी इथं काढली तेव्हापासून कोल्हापूर हे वधूपित्यासारखं राबतं आहे. आता मोरेवाडीच्या चित्रनगरीत पुन्हा हालचाल दिसते. महेश कोठारे यांच्या ‘दख्खनचा राजा जोतिबा’चा सेट तिथं लागला तेव्हा आमच्या गल्लीतला एकजण भाविकांच्या गर्दीत उभं राहायला गेला होता. पूर्ण दिवस उन्हात उभा राहिला. भाग लागला तेव्हा साऱ्या गल्लीला बोलावलं. त्याचा डावा खांदा दिसला. “ह्यो मी!” तो ओरडेपर्यंत खांदाही गेला होता. तरी चहा सगळ्यांना मिळाला.

2020 च्या टाळेबंदीत चित्रीकरणं बंद पडली आणि जुनेच भाग परत लागायला लागले. घराघरांत लोक वैतागले, आप्पा सुखात होते. जुनी कुस्ती परत बघताना निकालाची काळजी नसते, नुसते डाव बघायचे असतात. जुलैत नवे भाग सुरू झाले, तर पात्रं एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून भांडायची. आप्पांना फरक जाणवला नाही. त्यांच्या मते ती आधीपासूनच एकमेकांना हात लावत नव्हती.

आता आठवड्यातनं एकदाच ठरणारी गोष्ट या धंद्यात एकच उरली आहे, ती म्हणजे टीआरपी. दर गुरुवारी आकडे येतात. कुठली मालिका वर, कुठली खाली, कुणाला डच्चू, कुणाची वेळ बदलली. माझा मुलगा ते मोबाईलवर वाचून दाखवतो आणि आप्पा कान देऊन ऐकतात. पडद्यावर वर्षानुवर्षं कुणाची पाठ लागत नाही, पण गुरुवारी लागते. “ही बघा निकाली,” म्हणून आप्पा मांडीवर थाप मारतात. घरात सगळ्यात उत्सुकतेनं ऐकली जाणारी साप्ताहिक मालिका सध्या हीच आहे.

दोन-तीन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. मालिकेचं नाव सांगत नाही. कुठल्याही मालिकेचं घाला, बसेल. खलनायिकेचं भांडं फुटायची वेळ आली होती. दोन महिने खडाखडी झाली होती आणि चार दिवस जाहिरात चालू होती की रविवारी महाएपिसोड, सत्य समोर येणार. आप्पांनी दुपारची झोप घेतली नाही. बायकोनं रस्सा सातलाच उरकला. सगळे बसलो. नायिकेनं हातात पुरावा घेतला, घरची सगळी मंडळी दिवाणखान्यात जमली, खलनायिकेनं आवंढा गिळला आणि लाइट गेली.

गल्लीभर एकच आरोळी उठली. खिडकीतनं बघितलं तर सगळीकडं अंधार. मोबाईलला रेंज पुरती येईना, भाग दिसेना. पण फोन लागत होता. बायकोनं इचलकरंजीला आत्तीला लावला. तिकडं लाइट होती. फोन मोठ्या आवाजावर टाकून मधे पाटावर ठेवला, मेणबत्ती लावली आणि आम्ही आठ माणसं भोवतीनं बसलो.

आत्तीनं सांगायला सुरुवात केली. आणि काय सांगितलं! पुरावा दाखवला. खलनायिका खोटं बोलायला लागली. तर म्हाताऱ्या सासूनं उठून खाडकन मुस्काटात दिली. (“दोन!” आत्ती म्हणाली. “दोन दिल्या!”) मग नवऱ्यानं तिला घराबाहेर काढलं. मग पोलिस आले. बेड्या पडल्या. नायिकेनं किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावला. सगळे देवघरात गेले आणि आरती झाली. आप्पांचा आवाज भरून आला होता. अंधारात त्यांनी दोन्ही हात मांड्यांवर मारले. “झाली! निकाली झाली! ह्याला म्हणायचं मैदान!” त्या रात्री ते दीड भाकरी जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी लावलं, तर खलनायिका सोफ्यावर बसून चहा पीत होती. पुरावा जळाला होता. सासू तिचीच माफी मागत होती.

आप्पांनी स्वतः फोन लावायला सांगितला. “काय गं, काल काय बघितलंस तू?”

पलीकडनं आत्तीचा आवाज सगळ्यांनी ऐकला. “काल आमच्याकडंबी लाइट नव्हती, दादा. पर तुमी येवढी वाट बघालाय म्हटल्यावर काय सांगायचं? मग म्हटलं, जे व्हायला पायजे ते सांगावं.”

आप्पा बराच वेळ गप्प होते. आता तिचं काही खरं नाही, असं आम्हाला वाटलं.

हल्ली रविवारी महाएपिसोड असला की आप्पा वेळ बघून उठतात, भिंतीला धरत जिन्याखाली जातात आणि मेन स्विच खाली ओढतात. मग अंधारातनं त्यांचा आवाज येतो, “लाव इचलकरंजीला.” समोरच्या काकूही टॉर्च घेऊन येतात.